बिनभोंग्याचं स्टँड

विमानात बसायची माझी ही दुसरीच खेप. लेकीने तिकीट मोबाइलवर पाठवलं आणि वर बजावलं, "आई, घाबरू नको, तिथं सगळं लिहिलेलं असतं." विमानतळाचं नाव सांगत नाही, उगाच कोणाच्या डोळ्यावर यायचं. पण लिहिलेलं तिथे फारसं काही नव्हतं. पाटीचा पडदा अर्धा काळा पडला होता. पाण्याच्या मशीनवर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला, आणि तोही जुना होऊन पिवळा पडलेला. माझ्या खुर्चीचा हात चिकटपट्टीने बांधला होता. बाथरूमच्या चार दारांपैकी तीन दारांना दोऱ्या. गर्दी मात्र अशी की जत्रा परवडली. अकरा नंबरच्या दारापाशी मी आणि आणखी दहा-बारा माणसं शहाण्यासारखी बसून होतो आणि आमचं विमान सतरा नंबरला लागून निघायच्या बेतात होतं. कोणी सांगितलं नाही. तिथे म्हणे सांगायची पद्धतच नाही. शेजारच्या एका पोरीने मोबाइलमध्ये बघितलं आणि ती ओरडली म्हणून आम्ही धावलो.

जागेवर बसून पट्टा आवळला, धाप बसली, आणि मला कापगतेबाबूंची अशी काही आठवण आली की मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. एवढं मोठं टर्मिनल, एवढे दिवे, एवढी माणसं, आणि एक कापगतेबाबू नाहीत!

ते आमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. आमचं स्टँड म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. कोणत्या, ते विचारू नका. ज्यांनी तिथे कधी बस चुकवली आहे त्यांना कळेलच. बाबूजींजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच मोठी गोष्ट होती, ती म्हणजे आवाज. तो त्यांनी त्या स्टँडवर कसा घालवला ते मी जवळून पाहिलं. त्यात माझाही थोडा हात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

तेवीस वर्षांची होते तेव्हा मला नवेगाव बांधच्या पलीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. पहिल्या दिवशी सकाळी स्टँडवर आले, ज्या बसला गर्दी दिसली तिच्या पायरीवर पाय ठेवला, तोच डोक्यावरचा भोंगा कडाडला, "नवीन मॅडम, ती गाडी गोंदियाची होय. तुमची शाळा तिकडं नाई. उतरा जी खाली."

सगळं स्टँड माझ्याकडे वळून बघायला लागलं. मी रागाने लाल झाले. तडक चौकशीच्या खिडकीपाशी गेले. आत एक ठेंगणा, गोल माणूस खाकी शर्टात बसला होता. चष्म्याच्या दांड्या दोऱ्याने बांधलेल्या, गालात लवंग.

"माझी शाळा कुठली ते तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं.

"ऑर्डर हातात धरून फिरून राहिल्या ना तुमी," ते शांतपणे म्हणाले. "अन् तुमचे हेडमास्तर काल सांगून गेले, एक पोरगी येऊन राहिली, तिले बसवून द्या. तीन नंबरले लागली तुमची गाडी. खिडकीची जागा डाव्या अंगानं पकडा, उजवीकडं ऊन येते."

मी डाव्या अंगाला बसले. पुढे वीस-बावीस वर्षं त्याच अंगाला बसत आले.

माईक हातात घेण्याआधी बाबूजी तो बोटाने तीनदा ठोकायचे. मग मान वळवून, तोंडासमोर रुमाल धरून खाकरायचे. "माईकसमोर खाकरनं म्हंजे पाहुन्यासमोर नाक शिंकरनं," असं ते नव्या कंडक्टरांना शिकवत. मग आवाज सुटायचा. भरदार, गोल, शेवटच्या अक्षराला हलकेच उचलून सोडणारा. तो आवाज नाटकातला होता. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, घराघरात पाहुणे येतात आणि प्रत्येक गाव आपापलं नाटक उभं करतं. बाबूजी नवेगाव बांधचे. तिथल्या नाटकात बापाची भूमिका बावीस वर्षं त्यांचीच. पहिल्या अंकात लेकाला घराबाहेर काढायचं आणि तिसऱ्यात त्याच्यासाठी रडायचं. गावातल्या बाया म्हणत, कापगते रडायला लागला की गोठ्यातली गाय उठून उभी राहते.

तोच आवाज सकाळी सात वाजता आमच्यासाठी कामाला लागायचा.

"सौंदडवाले, सौंदड! गाडी दोन नंबरले लागली. धावू नका जी, डायवर चाय पिऊन राहिला." मग तेच हिंदीतून, कारण गोंदियाकडच्या व्यापाऱ्यांना मराठीतून सांगितलेलं ऐकूच येत नाही असं बाबूजींचं ठाम मत होतं. "सौंदड जानेवाले यात्री ध्यान दें, गाड़ी दो नंबर पे." आणि मग, "हिरव्या लुगड्याच्या काकू, तुमची कोंबडी बाकाखाली राहिली. ओरडून राहिली बिचारी." कोणाचा पोरगा बारावीला पास झाला, कोणाची सासू दवाखान्यातून सुटली, सगळं त्या भोंग्यातून गावाला कळायचं. नियमात हे बसत नव्हतं. पण खिडकीतून दिसणाऱ्या माणसाचं नाव माहीत असताना त्याला 'प्रवासी' म्हणणं बाबूजींना जमत नसे.

तेव्हा स्टँड चांगलं होतं, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की ते जन्मापासूनच मोडकं होतं. सिमेंटचे गुळगुळीत बाक होते. भिंतीवर मोठं घड्याळ होतं, त्याच्यावर सगळा बाजार आपली घड्याळं लावायचा. वेळापत्रकाचा निळा फळा, त्यावर पांढरी अक्षरं. आणि दगडी ओट्यावर तीन नळ, ज्यांचं पाणी मे महिन्यातही थंड लागायचं. बायांच्या बाथरूमला दार आणि दाराला आतून कडी. कडी लिहायची गोष्ट आहे का, असं वाटेल कोणाला. रोज अप-डाऊन करणाऱ्या बाईला विचारा.

पहिला गेला तो भोंगा. आणि तो गेला बाबूजींच्या हातून.

त्या वर्षी मंडईला माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने मला नवेगावला जेवायला बोलावलं होतं. दुपारी जेवून बाहेर आले तर नाटकाच्या मंडपात 'हॅलो, माईक टेस्टिंग' चाललं होतं. वर बघते तर बांबूला आमच्या स्टँडचा भोंगा बांधलेला! पांढऱ्या रंगाने त्यावर स्टँडचं नाव आणि नंबर लिहिलेला, आणि तो झाकायला वरून झेंडूची माळ. माळ अपुरी पडली होती. खाली बाबूजी धोतर-कोट घालून बापाच्या वेषात उभे.

"बाबूजी, हे काय?"

"भाड्याचा माईक बिघडला, मॅडम. स्टँडवर आज गर्दी नाई, दोन दिवसांचा त प्रश्न होय. अन् हा भोंगा माह्या आवाजाले वळखते." मग आवाज खाली आणून, "कोन्हाले सांगू नका."

मी नाही सांगितलं. संध्याकाळी नाटकवाल्यांनी जनरेटर लावला, त्याने भलताच दाब सोडला, आणि पहिला अंक सुरू व्हायच्या आत भोंग्यासोबत आणलेल्या स्टँडच्या ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला. तिसऱ्या दिवशी ते धूड परत स्टँडवर आलं. बाबूजींनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'ॲम्प्लिफायर जळाला. कारण : दाब वाढल्याने.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. कुठे जळाला ते तेवढं लिहिलं नव्हतं.

आता नवा मागवायचा तर चौकशी होणार. चौकशी झाली तर झेंडूची माळ बाहेर येणार. त्यामुळे बाबूजींनी नवा मागवलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीतून उठून बाहेर आले, फलाटाच्या मधोमध उभे राहिले, मान वळवून रुमालात खाकरले आणि नुसत्या गळ्याने सुरू झाले, "सौंदडवाले, सौंदड!"

"किती दिवस ओरडणार असे?" मी विचारलं.

"मीच जाळला ना. मंग माह्याच गळ्यानं भरीन."

भरायला सात वर्षं लागली.

पुढचं सगळं हळूहळू होत गेलं. घड्याळ बंद पडलं तर बाबूजी दर अर्ध्या तासाने वेळ सांगायला लागले. फळ्यावरची अक्षरं उडाली, तर सगळ्या गाड्या त्यांच्या तोंडावर. कोणी पेंगुळलेल्या माणसाने विचारलं तरी ते लगेच, "दवनीवाड्याले जायचं? मंग आधी गोंदिया गाठा, तठून भेटते," असा सगळा रस्ता सांगून मोकळे. नळ कोरडे पडले तेव्हा त्यांना फार लागलं. "आमच्या वाडवडिलांनी इकडचे तलाव बांधले म्हनतात," ते ओट्याकडे बघत म्हणाले, "अन् माह्या आंगनात आलेल्या मानसाले घोटभर पानी नाई." आमच्याकडे घरी कोणी आलं की 'कसं काय' विचारायच्या आधी गडूभर पाणी पुढे ठेवतात. दुसऱ्या दिवसापासून बाबूजी सायकलला दोन कळशा अडकवून घरून पाणी आणायला लागले आणि खिडकीखाली दोन माठ आले. बायांच्या बाथरूमची कडी तुटली, मग दारही गेलं. सरूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आपल्या जुन्या लुगड्याचा पडदा शिवून दिला. कोणी बाई आत गेली की बाबूजी तिकडे पाठ करून उभे राहायचे आणि तिकडे वळणाऱ्या पुरुषांना दुरूनच आवाज द्यायचे, "भाऊ, तिकडं नाई. इकडं या."

एका वादळात तीन नंबरच्या फलाटावरचे पत्रे उडाले. ते काही परत बसले नाहीत. उन्हाळ्यात सावली उरली ती उभ्या बसची. लोक बसच्या मागे गाठोडी टाकून बसायला लागले. प्रत्येक गाडी मागे घ्यायच्या आधी बाबूजींची नवी हाक सुरू झाली, "गाडी मागं येऊन राहिली, सावली सोडा!" म्हातारेकोतारे कुरकुरत उठायचे, गाडी निघून जायची, आणि सगळे पुढच्या बसच्या सावलीत.

मला हे सगळं बघून कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण एकदा वरचे एक साहेब पाहणीला आले आणि माझं डोकं फिरलं. साहेबांनी चार प्रवाशांना विचारलं, "काही अडचण?" एक आजोबा म्हणाले, "कायची अडचन? बाबूजी हायेत ना." साहेबांनी विचारलं, "गाडी कळते का वेळेवर?" तर दहा लोक एकदम, "कळते ना जी." "पाणी?" "थंडगार!" तक्रार वही मागवली. बाबूजींनी ती अभिमानाने पुढे केली. सात वर्षांत एक ओळ नाही. साहेबांनी शेरा मारला, 'समाधानकारक', आणि बाबूजींच्या माठातलं पाणी पिऊन गेले.

मी खिडकीपाशी जाऊन भांडले. "बाबूजी, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ तुमची नाही. स्टँड मोडून पडलंय आणि तुमच्यामुळे ते कोणाला दिसत नाही. तुम्ही आहात म्हणून कोणी तक्रार करत नाही, आणि तक्रार नाही म्हणून कोणी काही दुरुस्त करत नाही."

"मॅडम, मानूस उन्हात उभा हाये, अन् मी त्याले म्हनू, तक्रार लिहा?"

"हो, म्हणा!"

"तुमी मास्तरीन आहात," ते हसून म्हणाले, "तुमाले सगळं लिहून पाहिजे." हसताना आवाज मध्येच तुटला. मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं ते. चालत्या रेडिओचं स्टेशन हलावं तसा तो क्षणभर हलला आणि परत आला.

पुढे तो हलतच राहिला. दिवाळीत नाटकाच्या तालमीत तिसऱ्या अंकातलं रडणं त्यांना जमेना. सरूकाकू त्यांना धरून गोंदियाला घेऊन गेल्या. घशाच्या डॉक्टरने नळी घालून बघितलं. आतमध्ये गाठी होत्या. "एक महीना बिलकुल चुप," डॉक्टर म्हणाला. "फुसफुसाना भी नहीं. अब एक बार भी ज़ोर लगाया, तो ऑपरेशन करके भी आवाज़ लौटेगी, इसकी गारंटी नहीं."

तरी बाबूजींनी थंडी अशीतशीच काढली. हळू आवाजात का होईना, ओरडतच. फाल्गुन लागला तसं नुसतं खरखरायला लागलं. तेव्हा एका दुपारी सरूकाकू स्टँडवर आल्या. चार शब्दांच्या वर कधी न बोललेली बाई. माझा हात धरून म्हणाल्या, "मॅडम, ते तुमचं ऐकतात. घरात मी अन् हे दोघंच होओ. हे बोलतात अन् मी ऐकतो, एवढाच आमचा संसार होय. आवाज गेला त मी काय ऐकू?"

मग मी बाबूजींना शपथ घातली. रजा घेतली तर खिडकी बंद पडेल म्हणून रजा नको म्हणाले. मी शाळेतली एक पाटी आणून दिली. ठरलं ते असं, की एक महिना तोंड उघडायचं नाही, खिडकीतून हलायचं नाही, विचारेल त्याला पाटीवर लिहून द्यायचं. आणि तक्रार वही दोरीने बांधून बाहेर ठेवायची. ती युक्ती माझी. बाबूजींनी पाटीवर लिहिलं, 'ठीक हाये.'

तीन दिवसांत आमचं स्टँड उघडं पडलं. लोक या फलाटावरून त्या फलाटावर पळत होते. सौंदडचा माणूस गोंदियाच्या गाडीत, गोंदियाचा रस्त्यावर. मी पोचले की वही बघायचे. पानांवर पानं भरत होती. 'घड्याळ अनेक वर्षांपासून बंद आहे.' 'नळाला पाणी नाही.' 'बायांच्या संडासाला दार नाही, हे शोभते का?' 'गाडी कुठे लागते ते कोणीही सांगत नाही.' 'पत्रे कधी लावणार?' आणि एका थरथरत्या अक्षरात, 'बाबूजी बोलत नाहीत. कृपया त्यांना बोलायला सांगावे.'

बाबूजींनी वही आत ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. मग चष्मा काढला. पाटीवर लिहिलं, 'हे सगळं लोकायले इतक्या दिवसांपासून खुपत होतं?'

"होतं ना, बाबूजी."

'मंग कोन्ही काऊन नाई सांगितलं?'

त्यांनी पाटी हाताने पुसली आणि कोरी पाटी मांडीवर घेऊन बसले. मला आपण जिंकल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं. तो काही झाला नाही.

पुढच्या सोमवारी बाजार होता. उन्हाळ्याची सकाळची शाळा, त्यामुळे मी साडेअकरालाच परत आले होते आणि खिडकीपाशी उभी होते. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. तीन नंबरला नवेगावची गाडी उभी होती आणि तिच्यामागे सावलीत सात-आठ माणसं. बाजार करून आलेली एक म्हातारी गाठोड्यावर डोकं ठेवून झोपली होती. त्या दिवसांत गाडी मागे घेताना कंडक्टरने शिटी मारायची असं ठरलं होतं. कंडक्टर फॉर्म द्यायला ऑफिसात गेला होता. झनकलाल ड्रायव्हरला वाटलं तो मागे उभा आहे. त्याने गाडी चालू केली.

बाकीचे उठले. म्हातारी उठली नाही. गाडी मागे यायला लागली. मी ते सगळं बघत होते, आणि वर्गात साठ पोरांना गप्प करणाऱ्या माझ्या तोंडून आवाज फुटेना. खरंच फुटेना. हात मात्र वर गेला.

"झनकलाऽऽल! थांब!"

भोंगा चांगला होता तेव्हाही मी असा आवाज ऐकला नव्हता. सगळा बाजार जागच्या जागी थांबला. गाडी थांबली. म्हातारीच्या गाठोड्यात आणि मागच्या चाकात वीतभर अंतर असेल. म्हातारीने एक डोळा उघडला आणि चिडून म्हणाली, "कोन बोंबलून राहिलं वं? जरा डोरा लागला होता त."

लोक हसायला लागले, भीतीनेच. झनकलाल खाली उतरून चाकापाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी खिडकीकडे वळले. बाबूजी उभे होते, एक हात गजाला, दुसरा गळ्यावर. त्यांनी मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले. मग त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. त्यांनी खाली बसून पाटी घेतली. 'म्हातारी बरी हाये ना?'

ऑपरेशन झालं. नागपूरलाही जाऊन आले. आवाज परत आला नाही. कान अगदी तोंडाजवळ नेला तर शब्द कळावेत एवढा वारा तेवढा उरला.

त्या दिवसानंतर मात्र वही वर गेली, सोबत झनकलालचं आणि माझं निवेदन गेलं, आणि चार महिन्यांत पत्रे बसले. पाठोपाठ नळ आले, दार आलं, दाराला कडी आली. भिंतीवर नवं घड्याळही लागलं. जे सात वर्षांत झालं नाही ते एका पावसाळ्यात झालं. नवा ॲम्प्लिफायर यायचा तर जुना कसा जळाला याचा कागद भरून मागितला होता. बाबूजींनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं की तो आपण परवानगीशिवाय मंडईच्या नाटकाला नेला होता. त्यांना मेमो आला. त्यांनी तो दोनदा वाचला, नीट घडी घालून खिशात ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी मला त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

त्याच दिवशी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मी गजाला कान लावला. "मॅडम," तो वारा म्हणाला, "मले वाटे, मी स्टँड चालवून राहिलो. मी त झाकून राहिलो होतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. त्यांची हाक ऐकून आयुष्यभर वेळेवर शाळेत पोचलेली बाई मी. पण हे मीच त्यांना भांडून शिकवलेलं होतं. आजही त्याची बोच जात नाही. आणि त्यांनी ते शिकायला नको होतं, असंही मला म्हणता येत नाही. स्टँडला दार हवंच होतं. पण त्यासाठी त्यांचा आवाज जायला नको होता.

त्या वर्षाअखेर ते निवृत्त झाले आणि नवेगावला राहायला गेले. आता स्टँडवर एका बाईचा भरून ठेवलेला आवाज वाजतो. स्वच्छ, गोड, कुठल्यातरी दूरच्या शहरातला. ती सगळ्यांना 'प्रवासी' म्हणते. सुरुवातीला मी त्या आवाजाचा फार राग राग केला. बाई बिचारी कोण कुठली, तिला काय माहीत.

बाबूजींना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या दिवाळीनंतर, ऐन मंडईच्या गर्दीत. पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत ते गेले. मला चार दिवसांनी कळलं. पण त्या दिवशी ते चांगले होते. नवं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. सरूकाकूंसोबत तालुक्याला खरेदीला आले होते आणि परतीच्या गाडीची वाट बघत नव्या पत्र्याखाली उभे होते. त्याच वेळी लाइट गेली. पंखे थांबले, बाईचा आवाज 'प्रवाशांनी कृपया' इथे तुटला, आणि तेवढ्यात चार गाड्या एकापाठोपाठ आत शिरल्या. पाट्या उलट्यासुलट्या. स्टँडभर गोंधळ. लोक पोरं काखेत मारून इकडून तिकडे.

बाबूजींचा हात रुमालाकडे गेला. त्यांनी मान वळवली, खाकरल्यासारखं केलं, आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. मला तिकडे बघवेना. मी पुढे होणार, तेवढ्यात त्यांनी सरूकाकूंचा दंड धरला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

काकू दचकल्या. "मी?" त्या म्हणाल्या. "बाप्पा! एवढ्या लोकांत?"

बाबूजींनी पुन्हा कानात सांगितलं. काकूंनी पदर डोक्यावर सारखा केला, इकडेतिकडे बघितलं, आणि कोंबडीला हाकलावं तसा एक बारीक, घाबरा आवाज काढला, "सौंदडवाले... सौंदड जी..."

शेजारचे दोघे वळले. बाकी कोणाला ऐकू गेलं नाही. काकूंनी बाबूजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कानाशी वाकले. काकूंनी डोळे मिटले.

"सौंदडवाले! गाडी दोन नंबरले लागली! लेकरांचे हात धरा!"

या वेळी माणसं थांबली. दहा-पंधरा जण दोन नंबरकडे वळले. माझी, आणि त्यांचीही, नवेगावची गाडी कधीच लागून गेली होती, आणि मी जागची हलले नव्हते. काकू पुढची गाडी सांगत होत्या, चुकत होत्या, कानात ऐकून दुरुस्त करत होत्या. आणि बाबूजी त्यांच्या शेजारी उभे राहून एका हाताने त्यांचा दंड घट्ट धरून दुसरा हात वर वर उचलत होते. मोठ्यानं. अजून मोठ्यानं.